भिंतीला न दिलेली सून

पन्हाळ्याची एस.टी. फलाटाला लागली तेव्हा माझी सून आणि माझी नातसून एकमेकींकडं पाठ करून उभ्या होत्या. मध्ये मी, हातात कापडी पिशवी आणि तिच्यात तेलाची बाटली. सून मालन माझ्याबरोबर शिवाजी पेठेतून आली होती. नातसून शुभांगी राजारामपुरीतून, माहेराहून, वेगळ्या रिक्षानं आली. तिला सातवा महिना. तिनं मला वाकून नमस्कार केला आणि सासूकडं नुसती मान हलवली. सासूनं तो नमस्कार गाड्यांच्या पाटीकडं बघत घेतला.

कोल्हापूरची माणसं पन्हाळ्याला हवा खायला जातात, लग्न झालेली जोडपी फोटो काढायला जातात. आम्ही गेलो ते कामासाठी. काम काय, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आम्ही तेली. बैलाचा घाणा बंद होऊन बरीच वर्षं झाली, आता पेठेत तेलाचं दुकान आहे, ते मालन बघते. आमच्यात एक रीत आहे. घरात सून पहिल्यांदा गरोदर राहिली की सातव्या महिन्यात सासूनं तिला घेऊन पन्हाळ्यावर जायचं. तिथं तटाच्या एका पडक्या भागात माणूस उभा राहील एवढा कोनाडा आहे. त्याच्या पायथ्याच्या दगडावर तेल ओतायचं. मग सासूनं सून आणि भिंत यांच्या मधे उभं राहायचं, भिंतीकडं पाठ करायची आणि मोठ्यानं म्हणायचं, ‘ही माझी हाय. देणार न्हाय.’ बस्स. नारळ नाही, भटजी नाही, घरातला पुरुष बरोबर न्यायचा नाही.

ही रीत ज्या गोष्टीतून आली ती या मुलखात सगळ्यांना माहीत आहे. फार पूर्वी इथं एक पराक्रमी राजा होता. त्यानं गड बांधायला काढला. सगळा तट उभा राहिला, पण एका जागची भिंत दिवसा बांधावी आणि रात्री पडावी. कुणीतरी राजाला सांगितलं, पहिलटकरीण आत चिणल्याशिवाय ही भिंत राहणार नाही. गावोगावी दवंडी पिटली. कुणी दिली नाही. गडाखालच्या एका तेल्याच्या घरानं दिली. भिंत उभी राहिली. राजाचं नाव झालं, तेलिणीचं नाव कुणाला धड ठाऊक नाही. राजाचं नाव मीही लिहिणार नाही. आमच्या घरातल्या बायका ते तोंडातून काढत नाहीत. गडावर बोर्ड आहेत, ज्याला पाहिजे त्यानं वाचावं.

मला माझ्या सासूनं नेलं होतं. बाजारात भाजी मागावी तशा आवाजात ती ते वाक्य म्हणाली आणि लगेच ‘चल, गाडी चुकंल’ म्हणाली. त्या बाईनं आयुष्यात मला दुसरं गोड वाक्य ऐकवलं नाही. पण ते एक पुरलं. पुढं कितीही भांडलो तरी मनात असायचं, हिनं आपल्याला दिलं नाही. मालनला मी नेलं. आता मालनची पाळी होती, आणि मालन म्हणणार नव्हती.

झालं होतं असं. शुभांगी राजारामपुरीत एका क्लासमध्ये मुलांना गणित शिकवते. पोट दिसायला लागल्यावर मालन म्हणाली, क्लास सोड. ती म्हणाली, जमतंय तोवर जाणार. एवढ्यावर थांबलं असतं तर घरोघरी चालतं तसंच ते. पण एक दिवस दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मालन बोलून गेली, ‘असली सून असण्यापरास नसल्याली बरी.’ शुभांगीनं संध्याकाळी बॅग भरली. माझा नातू दोन्हीकडं खेपा घालून दमला. शेवटी शुभांगीनं दुकानातल्या फोनवर मला गाठलं. ‘आजी, गडावर मी येतो,’ म्हणाली. (आमच्याकडं बायकाही स्वतःबद्दल येतो-जातो असंच बोलतात, आणि सासूला आत्या म्हणतात.) ‘तिथं आत्या म्हटल्या तर बाळाला घिऊन पेठेत परत येतो. न्हाय म्हटल्या तर पोरगं बी हितंच वाढंल.’

मी मालनला ते जसंच्या तसं सांगितलं. ती डबा पुसत होती. म्हणाली, ‘मी बी येतो. पर म्हणणार काय न्हाय. तिथं उभं ऱ्हाऊन खोटं कुणी बोलायचं?’

मालनला खोटं बोलता येत नाही. तेलाच्या दुकानात हा मोठा गुण आहे. घरात त्याचा त्रास होतो.

तर गाडी सुटली. थंडीचे दिवस होते. पंचगंगेच्या पुलावर आलो तेव्हा पाण्यावरून वाफ निघत होती आणि घाटावर कुणीतरी म्हशी धूत होतं. शुभांगी माझ्या शेजारी बसली, मालन पुढच्या बाकड्यावर खिडकीशी. पलीकडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस. गुऱ्हाळांचा धूर. गूळ उकळल्याचा वास गाडीत शिरला तसं शुभांगीनं नाकाला पदर लावला. मालननं मागं न बघता आपल्या पिशवीतून एक लिंबू काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते शुभांगीला दिलं.

मालनच्या शेजारी एक बाई होत्या, पन्नाशीच्या, पांढरी साडी, गळ्यात बुद्धाचं लॉकेट. शाहूवाडीकडच्या डोंगरातल्या, घरची भातशेती, पन्हाळ्यात सरकारी दवाखान्यात सिस्टर. शुभांगीकडं बघून त्यांनी आपणहून विचारलं, ‘कितवा? सातवा न्हवं? एवढ्या वळणाच्या रस्त्यानं कशाला आणली हिला?’

मी कारण सांगितलं. मला वाटलं, दवाखान्यातली बाई, हसेल. ती हसली नाही.

‘ती तेलीण? तेलीण कुठली वो, आजी. आमची आज्जी सांगायची, ती आमच्यातली हुती. गावाभायेरच्या वस्तीतली. आमच्याच घरातली न्हेली म्हणायची.’

‘तेलीणच ती,’ मी म्हटलं. ‘तेल कशाला घालतोय मग आम्ही?’

‘मालकी तुमची, तर तेल तुम्हीच घाला की,’ त्या म्हणाल्या. ‘पर एक सांगा. राजाला पहिलटकरीण पायजे हुती, तर राजवाड्यात एक बी न्हवती? कायम आपल्याच वस्तीत कशी घावती?’

लहानपणापासून गोष्ट ऐकत आले, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

सिस्टरनी खिडकीकडं तोंड केलेल्या मालनच्या डोक्यावरून बाहेर बघत म्हटलं, ‘तिला आपापल्यात वढाय सगळी तयार हाईत, आजी. भितीतनं भायेर वढाय कोन न्हवतं तवा.’

मालननं ऐकलं की नाही, कळलं नाही.

वाघबीळ आलं. तिथून रत्नागिरीचा रस्ता सरळ जातो आणि पन्हाळ्याचा वर चढतो. घाटाच्या पहिल्या वळणाला गड दिसला. वर धुकं होतं, त्यामुळं तट मधूनच सुरू व्हायचा आणि मधूनच संपायचा. दुसऱ्या वळणाला मालन ओरडली, ‘काय वल्लं लागतंय?’

माझ्या पिशवीतली बाटली पुढच्या बाकड्याखाली आडवी झाली होती. चिंधीचं बूच निघालं होतं. पिशवी तेलानं थबथबली होती, मालनची चप्पल आणि साडीचा काठही. बाटलीत तळाला डाग राहिला होता.

‘बघा,’ मालन म्हणाली, ‘तेलिणीच्या मनात बी न्हाय.’

‘तेलिणीच्या मनात सगळं हाय. बूच नीट नव्हतं,’ मी म्हटलं.

शुभांगीला हसू आलं. तिनं ते लिंबाआड लपवलं.

गाडीतून उतरलो आणि सिस्टर दवाखान्याकडं गेल्या. जाताना शुभांगीला सांगून गेल्या, ‘चढावर दम लागला तर बसायचं. रीतबीत नंतर.’ पन्हाळ्यावर हवा इतकी गार होती की तोंडातून वाफ निघत होती. नाक्यावर चहा घेतला. चहावाल्याला मी विचारलं, समोरचं ते तळं कुणाचं. ‘राजाचं.’ ती कमान? ‘राजाचीच.’ त्याच्या मागं सिमेंटची पाण्याची टाकी होती. मी तिच्याकडं बोट केलं. तो हसला. ‘ती नगरपालिकेची, आजी. पर आनखी दोन पिढ्या जाऊ द्या, ती बी राजाचीच हुईल.’

खरं आहे. या मुलखात बांधणाऱ्याचं नाव विसरलं की ती वस्तू राजाच्या खात्यावर पडते. पडक्या विहिरी, पायऱ्या, डोंगरातल्या गुहा, सगळं त्याचं. एवढं एका माणसानं बांधायचं तर त्याला झोपायला वेळ मिळाला नसता. पण लोकांना तसाच राजा आवडतो.

वर जाताना झुणका-भाकरी विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. आमच्याजवळ दशम्या होत्या, तरी मी भाकरी घेतली, कारण तव्यावरची गरम होती. झुणका, फोडलेला कांदा, मिरचीचा खर्डा आणि मडक्यातलं दही. तिघी एका झाडाखाली खायला बसलो. शुभांगी खर्ड्याला हात घालणार तोच मालननं खर्डा उचलून आपल्या पानात घेतला आणि दही तिच्याकडं सरकवलं. पुन्हा तिच्याकडं न बघता. मी म्हटलं, ‘तोंडानं बोललीस तर काय दात पडतील व्हय गं?’

‘मी माझं खातोय, आत्या,’ मालन म्हणाली. ‘तुम्ही तुमचं खावा.’

जेवून तटाकडं निघालो. वाट खाली उतरत होती, गवत दंवानं ओलं होतं. मी पुढं, काठी टेकत. मला भीती होती ती कोनाडा डागडुजीत बुजवला असेल याची. बुजवला नव्हता. पण तिथं गर्दी होती. सोलापूरकडचं एक मोठं कुटुंब, पोरंबाळं, कॅमेरा, आणि त्यांच्यापुढं एक गाईड, डोक्याला कानटोपी आणि हातात वेताची छडी.

‘तर पावणं, ह्यो राजा साधासुधा न्हवं,’ तो सांगत होता. ‘एक न्हाय, दोन न्हाय, आसपासचं मोठमोठं गड त्यानंच बांधलं. दिवसा न्यायाला बसायचा, रात्री घोंगडं पांघरून रयतेत फिरायचा. शत्रू नाव ऐकून परत जायचा. पर ह्या भितीनं त्याला टेकीला आणलं.’

चांगला सांगत होता. आवाज कुठं चढवायचा, कुठं उतरवायचा, त्याला माहीत होतं. पोरं तोंड उघडी टाकून ऐकत होती. मीही ऐकत राहिले. राजा रात्री एकटा येऊन पडलेल्या दगडांवर बसायचा, असं त्यानं सांगितलं तेव्हा मला त्या राजाचं वाईटही वाटलं. एवढा पसारा उभा करायचा आणि एका हाताएवढ्या भिंतीनं हसं करायचं, हे कुणालाही सोसणार नाही.

‘मग एक तेलीण फुडं झाली. म्हणाली, राजा, तुझ्यासाटनं मी जातो. आणि पावणं, ती हसत हसत आत उभी ऱ्हायली.’

‘हसत?’ मी विचारलं.

‘व्हय आजी, हसत.’

‘तू बघाय गेलतास?’

सोलापूरची मंडळी हसली. गाईडही हसला, तो काही वाईट माणूस नव्हता. तेवढ्यात त्याचं लक्ष शुभांगीकडं गेलं. त्याचा चेहरा उजळला.

‘ताई, एक काम करा की. जरा ह्या देवळीत उभं ऱ्हावा. पावण्यांना अंदाज यील. फोटो बी झकास यील.’

मी नको म्हणायच्या आत शुभांगीनं सासूकडं बघितलं. मालन दरीकडं बघत उभी होती. शुभांगी गेली आणि त्या कोनाड्यात जाऊन उभी राहिली, भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पोटावर.

कशाला गेली, हे मी तिला नंतर विचारलं. म्हणाली, ‘राग आलता, आजी. नसल्याली बरी म्हणल्या न्हवं? मग म्हटलं, ऱ्हातो की उभी.’

सोलापूरवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. गाईडला जोर चढला. ‘आशी ती उभी. आनि खालनं भीत चढाय लागली.’ त्यानं तटातून सुटलेला एक धोंडा उचलला आणि शुभांगीच्या पावलांपुढं ठेवला. ‘एक थर.’ दुसरा उचलला. ‘दुसरा थर. गुडघ्यापत्तोर आली...’

शुभांगीचा चेहरा पडला. खेळ खेळ म्हणून ती गेली होती, पण दगड पायाला लागला तशी तिची नजर बदलली. मी पुढं व्हायला काठी उचलली. माझं वय आहे, मला वेळ लागतो.

‘ए! ठेव त्यो दगूड खाली!’

मालन. गवतावरून तेलकट चपलेनं घसरत, कशी आली कोण जाणे. गाईडला खांद्यानं बाजूला सारून तिनं पायापुढचा धोंडा लाथेनं उडवला, शुभांगीला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि तिला पाठीशी न घेता समोर उभी केली. स्वतः मध्ये उभी राहिली.

‘माझी सून हाय ती! तुझ्या राजाला सांग जा, दुसरीकडं बघ म्हणावं. देणार न्हाय मी!’

‘आवो मावशी, गंमत केली...’

‘गंमत तुझ्या घरात कर. तुझी बायकू उभी कर हितं आनि दगडं रच! पोटुशी बाई दिसली की उभी करायची व्हय रं?’

एक लहान मूल रडायला लागलं. मालननं शुभांगीच्या पदरावरची माती झटकली, जरा जोरातच. ‘अक्कल हाय का तुला? पोरांस्नी गणित शिकवतीस म्हणं. कुनी बी उभी ऱ्हा म्हणलं की ऱ्हायाचं?’

शुभांगीला उचकी लागली होती.

मी बघत होते ती मालनचे पाय. ती सून आणि भिंत यांच्या बरोबर मधे उभी होती. भिंतीकडं पाठ करून. तिला कुणी तसं उभं राहा म्हणून सांगितलं नव्हतं.

‘झालं,’ मी म्हटलं.

‘काय झालं?’

‘म्हटलीस.’

मालननं मागं वळून भिंत बघितली आणि लाल झाली. ‘मी ह्या टोपीवाल्याला म्हटलो. भितीला काय म्हटलो न्हाय.’

‘अख्ख्या गडानं ऐकलं. भिंत काय बहिरी हाय?’

‘तसं न्हवं ते, आत्या. ते रागात...’

‘रागात खोटं बोलतीस तू?’

दुकानातलं ते वाक्यही तिनं रागातच म्हटलं होतं, हे तिघींच्याही ध्यानात आलं असणार. मी ते बोलून दाखवलं नाही. रागात माणूस दोन्ही बोलतो. पण त्यातलं धावत येऊन काय बोलला, ते धरावं.

तेल ओतायचं राहिलं होतं. बाटली रिकामी. मी पिशवी काढली आणि पिळली. मालननं दुसरं टोक धरलं, दोघींनी चादर पिळावी तशी पिळली. थोडं तेल पायथ्याच्या दगडावर उतरलं, सुपारीएवढ्या जागेवर पसरलं. तेवढं चालतं. माझ्या सासूनंही काही घागरभर ओतलं नव्हतं.

गाईड लांब उभा राहून बघत होता. आता कानटोपी हातात होती. जवळ येऊन त्यानं विचारलं, ‘आजी, ह्ये काय असतंय?’ मी रीत सांगितली. त्यानं मान हलवली. ‘पावण्यांना सांगितलं तर चालंल?’

‘सांग की. फकस्त ती हसत उभी राहिली, एवढं तेवढं काढ.’

‘मग कशी उभी ऱ्हायली म्हणू?’

‘ठाऊक न्हाय म्हण. ठाऊक न्हाय म्हणायला काय लागतंय?’

तो हसला, पण हो म्हणाला. नंतर त्यानं काढलं की नाही, मला माहीत नाही. गिऱ्हाइकाला हसणारी तेलीण जास्त आवडत असणार.

परतीच्या गाडीत दोघी एका बाकड्यावर बसल्या आणि घाट उतरेपर्यंत भांडल्या. खिडकी लावायची की उघडी ठेवायची, यावरून. मग क्लासवरून. मालन म्हणाली, आठव्या महिन्यात बंद. शुभांगी म्हणाली, डॉक्टर सांगतील तेव्हा. माझ्या कानाला बरं वाटलं. पाठ करून उभं राहण्यापेक्षा तोंडासमोर भांडलेलं कधीही चांगलं.

वाघबिळाशी मी मागं वळून बघितलं. धुकं गेलं होतं आणि तट उन्हात एका ओळीत स्वच्छ दिसत होता. माझं त्या राजाशी भांडण नाही. गड त्यानं चांगला बांधला आहे, नाहीतर इतकी वर्षं टिकता ना. त्याच्या आठवणीसाठी बोर्ड आहेत, गाईड आहेत, शाळेच्या सहली आहेत. आम्ही वर जातो ते त्याच्यासाठी नाही. पण मला गाडीत बसल्या बसल्या वाटलं, आमच्यासारख्या घरांतून पिढ्यान् पिढ्या कुणीतरी त्याच्या भिंतीला जाऊन ‘नाही’ सांगून येतं, म्हणूनही तो राजा अजून राजा आहे. ज्याला कुणी नाही म्हणत नाही, त्याला लोक विसरतात. नाव न घेता आम्हीच त्याला धरून ठेवलाय. तेलिणीला हे आवडतं की नाही, ते तिला विचारायची सोय नाही.

स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन तापलं होतं. रिक्षावाले अंगावर आले. शुभांगी थांबली. तिला राजारामपुरीला जायचं, आम्हाला पेठेत, दोन रिक्षा लागणार. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तेलकट पिशवीची घडी घालत राहिले. माझं काम संपलं होतं.

मालन पहिल्या रिक्षात जाऊन बसली, तेलानं भरलेला साडीचा काठ आत ओढून घेतला आणि रिक्षावाल्याला म्हणाली, ‘आधी राजारामपुरी. हिची बॅग घ्यायची हाय. मग शिवाजी पेठ. आनि खड्डं चुकवून चालव, पोटुशी हाय आमची सून.’